बुजणाऱ्या तरुण घोडीला क्रॉस-कंट्रीची सवय कशी लावावी?

धागाकर्ती: नमस्कार मंडळी. माझी घोडी पाच वर्षांची आहे. मैदानात रंगीत दांड्यांवरून ८० सेंटीमीटर बिनतक्रार उडते. क्रॉस-कंट्रीसाठी, म्हणजे मोकळ्या रानात ओंडके, चर, पाणी असे अडथळे पार करायला बाहेर नेलं की मात्र ओंडका दिसताच कान ताठ, फुरफुर सुरू. चर दिसला तर थेट मागे फिरते, पाण्यात पाऊलही घालत नाही. ओळखीचे एक जण म्हणतात, चाबूक दाखवा, एकदा गेली की कायमची जाईल. मला पटत नाही. अनुभवी लोक काय करतात?

चौखूर: चाबूक नकोच. चरापाशी मार बसला तर तिची भीती खरीच ठरली की!

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. आजूबाजूचं जवळजवळ सगळं दिसतं, पण कपाळासमोरचं आणि नाकाखालचं दिसत नाही. चराशी येऊन ती मान खाली घालते ती बघण्यासाठी. नेमका तेव्हाच आपण लगाम आवळतो. तो सैल सोडा. तोंड चराकडेच राहू द्या, पण उभी राहू दे, हुंगू दे. सुस्कारा टाकला, मान सैलावली, की मग एक पाऊल पुढे मागा. आलं की लगेच टाचेचा दाब सोडा, मानेवर थोपटा.

पहिला चर चालत ओलांडता येईल इतका अरुंद हवा. तरुण घोडी तोही हरणासारखा उंच उडून पार करते आणि आपण मागे पडतो. म्हणून गळ्यात पट्टा बांधा आणि उडीच्या आधीच तो धरा. तोंडाला एकदा हिसका बसला तर पुढच्या वेळी ती का उडेल? बाहेरचे ओंडके दांड्यांसारखे पडत नाहीत, म्हणून सुरुवात गुडघ्याच्या उंचीखालून आणि दुडक्या चालीने. ८० सेंटीमीटर इथे विसरा.

पाणी उथळ, तळ टणक आणि काठ उतरता असेल तिथेच न्या. काठावरून उडी मारून उतरणं पुष्कळ पुढचं. तोवर नुसतं चालवा, उभं करा, पाय आपटू द्या. आणखी एक, उन्हातून दाट झाडीत शिरताना घोड्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. सावलीतला अडथळा एवढ्यात नको.

रिकीब: वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी पशुवैद्यांना दाखवा. पाठ, दात, पोटातला अल्सर. या वयात अंग भरत असतं, सहा महिन्यांपूर्वी नीट बसणारं खोगीर आज टोचत असेल. मैदानात उडते म्हणजे दुखत नाही, असं धरून चालू नका. उतारावर खोगीर पुढे सरकतं तेव्हा कळतं.

धागाकर्ती: खोगीर तपासून घेते. एक राहिलं. सोबत शांत, मुरलेला घोडा असला की ही त्याच्यामागे निमूट जाते. एकटी मात्र अडते.

चौखूर: मग सोबत हळूहळू काढून घ्या. आधी दोन घोड्यांइतकं अंतर ठेवून मागे, मग अंतर वाढवत न्या. पुढे त्याने अडथळा न घेता पलीकडे जाऊन थांबावं, नंतर बाजूने चालावं, शेवटी हिच्या मागे यावं. अडली तर एक पायरी मागे. आणि एकटीने नीट पार केलं की त्या दिवशी तो अडथळा पुन्हा घेऊ नका. खाली उतरा, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करा आणि हाताने चालवत तबेल्यात न्या.