रोबो ॲडव्हायजरवर (आपोआप गुंतवणूक ठरवून देणारं ॲप) पैसे लावू का? अगदीच नवखा आहे

प्रश्न: शेअरमधलं मला ओ की ठो कळत नाही, ॲपने वय, रिस्क वगैरे दहा प्रश्न विचारले आणि लगेच ६० टक्के शेअर ४० टक्के बाँड (कर्जरोखे) असं करून दिलं, एवढ्यावर भरवसा ठेवायचा का?

उत्तर १: आत बहुतेक साधे इंडेक्स फंडच (निफ्टीसारख्या निर्देशांकाची नक्कल करणारे फंड) असतात रे, जादू काही नाही. प्रमाण बिघडलं की ते आपोआप रिबॅलन्स करतं, म्हणजे पुन्हा ६०-४० वर आणतं, आपण आळशी लोक तेच करत नाही.

उत्तर २: फी बघ आधी!! वर्षाला १ टक्का किरकोळ वाटतो पण ३० वर्षांत शेवटच्या रकमेतला जवळजवळ चौथा हिस्सा जातो, ०.२५ असेल तर साधारण ७ टक्केच. फंडाचा खर्च वेगळाच.

उत्तर ३: मार्केट पडलं की हेही पडणार हां, मी घाबरून नेमकं तेव्हाच विकून बसलो 😅