‘म्हातारचळ’ आजाराचं नाव म्हणून चालेल का?

प्रश्न : स्मृतिभ्रंशाला ‘म्हातारचळ’ म्हटलं तर चुकेल का?

उत्तर : चुकेल. हा ‘चळ’ चळणे, म्हणजे ढळणे, यातला. म्हातारचळात विसरणं नाहीच. वयाला न शोभणारं वागणं आहे, आणि वर चेष्टेचा ठपका. ‘साठी बुद्धी नाठी’ मात्र बुद्धीबद्दलच बोलते. तिथली ‘नाठी’ नाठाळ नव्हे. ती ‘नष्ट’वरून आली, म्हणजे नाहीशी झालेली.

पुरवणी : ठपक्यामुळेच घोटाळा होतो. पंचावन्नचे गृहस्थ पंगतीत शेजारच्या ताटातली जिलबी उचलतात, चारचौघांत अचकट बोलतात. हिशेब, नावं, तारखा मात्र तोंडपाठ. घरचे म्हणतात, चळ लागला. हा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांचा आजार, ज्यात आधी वागणं बदलतं) असू शकतो. तो बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो आणि सुरुवातीला स्मरणशक्ती बरी असते, म्हणून तर कुणाला शंका येत नाही.

दुसरं उत्तर : जुना ‘वात’ विसरू नका (संधिवातातला नव्हे, ‘वातात बरळतोय’ मधला). डिलिरियमला, म्हणजे आजारात अचानक येणाऱ्या भ्रमाला, इतका नेमका शब्द दुसरा नाही. तो काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो, मध्येच शुद्ध नीट असते, दिवेलागणीनंतर पुन्हा वाढतो. कारणं साधी असतात : लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, नव्याने सुरू झालेली झोपेची गोळी. ‘परवापर्यंत ठीक होते’ असं कुणी म्हणालं तर वयावर ढकलू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं, सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर घेऊन.

प्रश्न : आणि ‘विरक्ती’? आजींना हल्ली भजन नको, नातवंडं नकोत. सगळे कौतुकाने ‘विरक्ती आली’ म्हणतात.

उत्तर : विरक्त माणूस जेवतो, झोपतो, हाक मारली तर ओ देतो. भूक गेली, पहाटे तीनला जाग येते, आवडीचं सुटलं आणि हे २ आठवडे टिकलं, तर नैराश्याची शंका घ्यावी. वृद्धांसाठीच्या १५ प्रश्नांच्या चाचणीत आवडीनिवडी सुटल्या का, हा दुसराच प्रश्न आहे. गुण ५ च्या वर गेले की पुढची तपासणी करतात. ‘उदासीन’ही इथे नको. तो उत् + आसीन, म्हणजे अलिप्त बसलेला. आजी उदास आहेत.