शब्दचर्चा: मोबाइल ‘चालवतात’ की वापरतात? आणि बातमी?

सून_इंदूरची

मी पुण्याची, लग्नानंतर इंदूरला आले. इथल्या मराठीतल्या बऱ्याच गोष्टींची सवय झाली, पण एक क्रियापद अजून कानाला टोचतं. मुलगा म्हणतो, ‘आई, थोडाच वेळ मोबाइल चालवतो.’ सासूबाई शेजारच्या काकूंना सांगतात, ‘हे दिवसभर फेसबुक चालवतात.’ नणंद स्टेटस ‘लावते’, आमच्याकडे ते ‘ठेवतात’.

मुलाला हटकलं तर तो म्हणाला, मग काय म्हणू ते सांग. ‘वापरतो’ हे सरकारी वाटतं. ‘बघतो’ म्हणावं तर तो नुसता बघत नाही. ‘खेळतो’ म्हटलं की त्याला राग येतो. ‘चालवणे’ ही हिंदीची सरळ उचल म्हणून टाकून द्यायची, की मराठीत तिला जागा आहे? समाजाच्या गणेशोत्सवात मुलांच्या मोबाइलवर एक कार्यक्रम ठेवलाय आणि त्याची पत्रिका माझ्या गळ्यात आहे. म्हणून जरा घाईने विचारते.

पोहेजलेबी

हिंदीतूनच आलंय, ‘मोबाइल चलाना’. यात चर्चा करण्यासारखं काय आहे? होळकरांपासून आपण हिंदीच्या मांडीला मांडी लावून बसलोय. पुण्यात ‘वापरतात’ म्हणून इथेही वापरा, हे काही आपल्याला पटत नाही, भिया.

कोशातला किडा

उचल हिंदीची, पण ज्या घरात ती आली तिथे आधीच बरीच माणसं राहत होती. मराठीत नाणं चालतं (म्हणून तर ‘चलन’), एखाद्याचा शब्द चालतो, दुकान चालवतात, वंश चालवतात. संस्कृतच्या तासाला गुरुजी ‘देव’ शब्द चालवायला सांगत. ज्ञानदेवांनी तर भिंत चालवली. (फेसबुकलाही एके काळी भिंत होती. ती कुणाला चालवता आली नाही, तिच्यावर बसून दिवस मात्र गेले.)

आता बारकावा पाहा. रेडिओ आपण ‘लावतो’. टीव्हीही लावतो. लावून दिला की आपलं काम संपलं, पुढे तो बोलतो आणि आपण ऐकतो. शिलाई मशीन, गाडी, चरखा मात्र ‘चालवतो’, कारण हात काढला की ते थांबतं. मोबाइल या दुसऱ्या गटातला आहे. घरात बातम्या आणि गाणी आणणारी ही पहिलीच वस्तू, जिच्यावर आपला हात सतत असतो. म्हणून मुलाचं क्रियापद मला चुकीचं वाटत नाही. उलट ‘वापरतो’पेक्षा नेमकं आहे. आता चालवतो तोच की कुणी दुसरं, हा प्रश्न व्याकरणाचा नाही.

जुना मुद्रितशोधक

ताई, मी इथल्या हिंदी दैनिकांत मुद्रितशोधनाची नोकरी केली. घरी मराठी, कामावर हिंदी. इंदूरच्या हिंदी पत्रकारितेत मराठी माणसं पूर्वीपासून आहेत. १९४७ साली निघालेल्या ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते मराठीच. त्यामुळे त्या खोल्यांतली भाषा अर्धी इकडची, अर्धी तिकडची असे.

तिथे बातमी ‘लागायची’. ‘खबर लगी क्या?’ असं विचारत, आणि आम्ही आपसांत ‘लागली का?’ म्हणत असू. छपाईचे खिळे (शिशाची अक्षरं) जुळवायचे, पान लावायचं, त्यातलाच हा शब्द. लावलेली गोष्ट जागेवर राहते. रात्री पान सुटलं की ब्रह्मदेवालाही त्यातलं अक्षर हलवता येत नसे. चूक राहिली तर दुसऱ्या दिवशी, कुठल्या का कोपऱ्यात होईना, दुरुस्ती छापावी लागे आणि मान खाली घालावी लागे.

मग चोवीस तासांची चॅनेलं आली आणि बातमी ‘चालू’ लागली. ‘पट्टी चला दो’, ‘ब्रेकिंग चली क्या’. आता मुंबईची मराठी चॅनेलंही ‘बातमी चालवली’ असं बिनदिक्कत म्हणतात. चालवलेली गोष्ट थांबवता येते. सकाळी चाललेली दुपारी बंद झाली तर खुलासा कुणी मागत नाही.

आणि आता पोर्टलवर बसणारी पोरं म्हणतात, ‘डाल दी’. मराठीत ‘टाकली’. साहेब विचारतात, ‘पडली का?’ मराठीत ‘टाकणे’ म्हणजे सोडून देणंही, ते इथे फार चपखल बसतं. बातमी टाकतात, मग तासाभरात मथळा बदलतात, दुपारी आकडा बदलतात, आणि आधी काय होतं याचा मागमूस राहत नाही. माझं कामच मुळी चूक धरण्याचं. ज्या चुकीचा पुरावा राहत नाही ती धरायची कशी?

पण या तिन्ही शब्दांत एक बरं आहे. कुणी लावली, कुणी चालवली, कुणी टाकली, असं विचारता येतं. ‘व्हायरल झाली’ म्हटलं की तो प्रश्नच बुडतो. आपल्याकडे आधी व्हायरल व्हायचा तो ताप, आणि ताप कुणी दिला असं कुणी विचारत नाही. तेच वळण बातमीला लागलं. एखाद्या पक्षाच्या दहा-बारा पगारी पोरांनी एकाच मिनिटाला एकच ओळ टाकली तरी संध्याकाळी वाक्य असतं, ‘अमुक ट्रेंड झालं’. झालं! पाऊस झाला तसं. मी तर बातमीत ‘व्हायरल’ दिसलं की इथे कर्ता खोडलाय असं समजून वाचतो.

सून_इंदूरची

काका, हे फार आवडलं. पुण्याकडे ‘मेसेज फिरतोय’ म्हणतात. ‘सध्या एक व्हिडिओ फिरतोय.’ ते ‘व्हायरल’पेक्षा बरं की तेच?

कोशातला किडा

बरं. मुख्य म्हणजे जुनं आहे. दवंडी फिरायची, द्वाही (राजाच्या नावाची घोषणा) फिरायची. आणि द्वाही फिरली म्हटलं की कुणाच्या नावाची हे सांगावंच लागे. बिननावाची द्वाही नसते.

अफवेसाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही: कंडी पिकवतात, हूल उठवतात, वावडी उठवतात. यांत पिकवणारा, उठवणारा गृहीतच आहे. वावडी म्हणजे मोठा पतंग, दोर कुणाच्या तरी हातात असणारच. एकटी ‘आवई’ आपली आपण उठते, पण तिलाही ‘उठवली’ म्हणता येतं. ‘व्हायरल’ला मात्र प्रयोजक रूप, म्हणजे कुणीतरी करवलं असं सांगणारं, सहज मिळत नाही. ‘व्हायरल केलं’ म्हणतात, पण ते बहुतेक धमकी देताना: ‘तुझा फोटो व्हायरल करीन.’ गुन्हा नोंदवताना कर्ता सापडतो, बातमी देताना हरवतो.

‘षट्कर्णी होणे’ आठवतं का कुणाला? दोघांत असलेली गोष्ट तिसऱ्याच्या कानी गेली, सहा कान झाले, की गुपित संपलं अशी जुनी समजूत. आता कुटुंबाच्या ग्रुपवर पन्नास माणसं, म्हणजे शंभर कान, आणि तरी वर लिहिलेलं असतं: ‘फक्त आपल्यातच ठेवा.’

रामबागवाली

तुम्ही मंडळी शब्दांत रमलात म्हणून लिहिते. राईनपाडा आठवतंय का? धुळे जिल्हा, १ जुलै २०१८. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागायला आलेली. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज मोबाइलवर फिरत होते, जमावानं त्यांना खोलीत कोंडून मारून टाकलं. तेव्हाच्या बातम्यांत ‘मेसेज व्हायरल झाल्याने’ असंच लिहीत. काकांचं म्हणणं मला तिथे पटतं. ते मेसेज कुणीतरी फिरवले होते, एकेकानं, आपापल्या अंगठ्यानं.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात मेसेज पुढे पाठवायला एका वेळी पाच चॅटपुरतीच मर्यादा घालण्याचं ठरवलं. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली, आणि एप्रिल २०२० पासून आधीच फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. कंपनीनं सगळा दोष अंगठ्यावर ढकलला असंही म्हणता येईल, पण अंगठा असतोच.

आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर बायका खाली लिहितात, ‘जसं आलं तसं’. मला या तीन शब्दांवर चर्चा हवी आहे. अर्थ सरळ आहे: मी वाचलं नाही, तपासलं नाही, माझ्या माथी मारू नका. पूर्वी ‘ऐकीव आहे हं’ म्हणून बाई आवाज खाली आणत असे. ‘जसं आलं तसं’ लिहिणारी आवाज खाली आणत नाही, वर चार हात जोडलेले टाकते.

पोहेजलेबी

सगळ्याला चालवणारा असतोच, हे मला मान्य नाही. २०२४ ची निवडणूक आठवा. आपल्या इंदूरच्या लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. निकालात ‘नोटा’ला २ लाख १८ हजार ६७४ मतं. देशात तोवर कुठेच इतकी पडली नव्हती. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर त्या दिवसांत ‘नोटा, नोटा’ इतकं झालं की दुधाचा हिशेबही सापडेना. आता सांगा, हे चाललं की चालवलं?

जाता जाता: २०१६ च्या ८ नोव्हेंबरला रात्री ‘नोटा चालणार नाहीत’ म्हणून घबराट, आणि २०२४ ला ‘नोटा’ असं चाललं की देशाचा विक्रम. ही गंमत फक्त मराठीत जमते, हिंदीत नोटचं अनेकवचन नोटच. आणि आता सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाऊन झाला की नोटा चालतात का हे कुणी विचारतच नाही, ‘फोनपे चालतं ना?’ एवढंच.

जुना मुद्रितशोधक

उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूचं दिलंत. नोटाचं बटण दाबा असं आवाहन काँग्रेसनं उघड केलं होतं, पक्षाच्या नावानिशी. म्हणजे चालवणारा होता, आणि तो समोर होता, म्हणून मला त्यात खोट दिसत नाही. ज्याला पटलं त्यानं बटण दाबलं, ज्याला नाही त्यानं भाजपला दिलं, आणि भाजप अकरा लाखांच्या वर मताधिक्यानं आलाही. माझी तक्रार चालवण्याबद्दल नाही. ‘आपोआप झालं’ असं दाखवण्याबद्दल आहे.

पण एवढं कबूल की त्या दोन लाखांतले किती आवाहनानं गेले आणि किती रागानं, हे कुणालाच सांगता येणार नाही. तिथे ‘चाललं’ आणि ‘चालवलं’ दोन्ही खरं.

बडोद्याचा

ग्रुपवर ‘ट्रोल’ शब्द आला की मराठी वर्तमानपत्रं ‘जल्पक’ लिहितात. शब्द देखणा आहे, पण अर्धाच बरोबर. न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार. सत्य शोधायला करतात तो वाद. जिंकण्यासाठी, वाटेल त्या युक्तीनं करतात तो जल्प. स्वतःची बाजूच न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडायचं ती वितंडा. बहुतेक ट्रोल तिसऱ्या जातीचे, त्यांना पक्षच नसतो. पगारी ट्रोलला मात्र पक्ष असतो, दोन्ही अर्थांनी. म्हणून पगारी तो जल्पक आणि हौशी तो वैतंडिक, अशी विभागणी मी सुचवतो.

आमच्याकडे १९३१ साली ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू’ निघाला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द. एका संस्थानाला वाटलं की राज्य चालवायचं तर त्याचे शब्द आधी लोकांच्या भाषेत ठरवले पाहिजेत. इंटरनेटच्या बाबतीत असे ठरवलेले शब्द लोकांच्या तोंडी बसलेच नाहीत. हौशी लोकांनी मात्र व्हॉट्सअॅपचं ‘कायप्पा’ केलं आणि फेसबुकचं ‘थोपु’, म्हणजे थोबाडपुस्तक. सयाजीरावांना चाललं असतं की नाही, ठाऊक नाही.

पोहेजलेबी

वैतंडिक चालणार नाही हो, शिवी द्यायला जीभ अडखळते.

रामबागवाली

माझ्या ‘जसं आलं तसं’वर कुणी बोललं नाही.

कोशातला किडा

बोलतो ताई. त्यातही कर्ता नाही, हेच त्याचं काम. ‘आलं’, कुठून कोण जाणे. ‘तसं’ पाठवलं, पण ‘मी पाठवलं’ हे शब्द गाळून. मंडळात एवढा नियम करून पाहा: ‘जसं आलं तसं’ लिहायचं तर ‘कुणाकडून’ तेही लिहायचं. अर्ध्या मेसेजना नाव सापडणार नाही आणि ते तिथेच राहतील.

सून_इंदूरची

सगळ्यांचे आभार. पत्रिकेत ‘मुलांचा मोबाइल-वापर’ लिहिते, कारण पत्रिका महाराष्ट्रातल्या पाहुण्यांनाही जाणार. घरी मात्र मुलाला आता चालवू देते. शब्द, मोबाइल नाही.

शेवटची अडचण: ‘रील’चं लिंग कोणतं? मुलगा ‘तो रील’ म्हणतो, भाची ‘ती रील’, आणि पत्रिकेत ‘रील स्पर्धा’ आहे, तिचे नियम लिहायचे आहेत.

जुना मुद्रितशोधक

ते. दोऱ्याचं रीळ, सिनेमाचं रीळ, तेच हे. ळ शाबूत ठेवा. एक रीळ, दोन रिळं, रिळाचा कालावधी, रिळांची निवड. ‘रील्स’ लिहून पत्रिका माझ्याकडे तपासायला पाठवलीत तर मी खोडणार, आधीच सांगून ठेवतो.