इंडियन एअरलाइन्सच्या एअरबसचं जुनं मॉडेल: रंगवून घेऊ की असंच ठेवू?

कसबापेठकर:
मामांचं लक्ष्मी रोडला विमान तिकिटांचं ऑफिस होतं. ते बंद झालं तेव्हा टेबलं-कपाटं भंगारात गेली, काउंटरवरचं विमान तेवढं मी उचललं. एअरबस ए-३००, केशरी शेपूट, त्यावर पांढरं बोधचिन्ह, क्रोमच्या दांड्यावर नाक वर करून बसलेली. पांढरा रंग आता जुन्या कवळीसारखा पिवळा पडलाय. डाव्या पंखाचं टोक उडालंय. एका बाजूचं इंग्रजी नाव शाबूत आहे, दुसऱ्या बाजूच्या देवनागरीतला शेवटचा 'न्स' गळालाय. मेव्हणे म्हणतात, गॅरेजात देऊन ड्युको मारून घे. मारू का? आणि हे कुणी, कधी बनवलं ते कसं कळणार?

मनीषा_ठाणे:
मेव्हण्यांना चहा द्या आणि तोवर विमान आतल्या खोलीत लपवा. नाकापासून शेपटीपर्यंत टेपने मोजलंत का?

कसबापेठकर:
साडेत्रेपन्न सेंटिमीटर.

धावपट्टी_२७:
म्हणजे १:१००. खरं विमान ५३.६ मीटर लांब, पंख ४४.८ मीटर. पंखही मोजा. ते पंचेचाळीसच्या आसपास आले तर मॉडेल मापात आहे.

आता पोटाला टिचकी मारा. पोकळ आवाज आला आणि पोटाखाली लांबलचक सांधा दिसला, तर फायबरग्लासचं, दोन अर्ध्या साच्यांचं. विमान कंपन्या एजंटांना अशीच मॉडेलं देत. भरीव, जड लागलं तर लाकडाचं. फिलिपिन्समध्ये महोगनीची कोरतात, ती दिसायला छान, पण त्यांची गोष्ट वेगळी. मग स्टँड उलटा करा. नेदरलँड्सची रेझ-अप, इंग्लंडच्या स्पेस मॉडेल्स नि वेस्टवे, अमेरिकेची पॅसिफिक मिनिएचर्स, असं एखादं नाव खाली सापडू शकतं. नसलं म्हणून नकली ठरत नाही, स्टिकर पहिले गळतात.

काळ शेपटीवरून. ए-३०० इंडियन एअरलाइन्सकडे १९७६ च्या अखेरीस आली. डिसेंबर २००५ मध्ये नाव नुसतं 'इंडियन' झालं आणि शेपटीवर कोणार्कचं चाक आलं. तुमचं मॉडेल या दोन टोकांच्या मधलं.

ड्युको अजिबात नको. खिडक्यांची ओळ, नाव, इंजिनावरचं चिन्ह, सगळं एका रंगाच्या थराखाली कायमचं जाईल. माझ्याकडे पॅन अ‍ॅमचं ७४७ आहे. ती कंपनी डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. मी मोठ्या उत्साहाने काच पुसायच्या निळ्या पाण्याने शेपूट पुसली. बोधचिन्हाचा निळा गोल फडक्यावर आला, शेपूट कोरी. बारा वर्षं ते विमान मी भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. कोरडा मऊ ब्रश, फार तर ओलसर मलमल, तीही अक्षरांपासून लांब. उन्हात ठेवू नका.

सुहास_जुनाबाजार:
चोरबाजारात नेलंत तर तुटक्या पंखावरून निम्मा भाव पाडतील. मी घ्यायला तयार आहे, बोला.

धावपट्टी_२७:
सुहासराव, थांबा हो. कसबापेठकर, शेपटीजवळची बारीक अक्षरं, म्हणजे विमानाचा नोंदणी क्रमांक, वाचता येतात का?

कसबापेठकर:
भिंग लावलं. व्हीटी-ईडीव्ही. आणि आवाज पोकळ आहे.

धावपट्टी_२७:
अहो, ही तर तिरुपतीची! १५ नोव्हेंबर १९९३, मद्रासहून हैदराबादला निघालेली, इंधन संपून तिरुपतीजवळ भातशेतात उतरली. सगळे वाचले. मामांना विचारा, त्यांनी या फ्लाइटची तिकिटं कापली होती का.

कसबापेठकर:
मामा म्हणाले, मद्रास-हैदराबादचं तिकीट पुण्यातून कोण काढणार? विकायचं नाही असंही म्हणाले, सुहासराव माफ करा. पण मामींनी शिवणाच्या मशीनमधला बटणांचा डबा पालथा केला आणि त्यातून पंखाचं टोक निघालं! झाडताना तुटलं होतं, तेव्हापासून ठेवलंय. नखाएवढा तुकडा, रंग अजून पांढराशुभ्र. फेविक्विक लावू की अराल्डाइट?

धावपट्टी_२७:
अराल्डाइट, टाचणीच्या टोकावर मावेल तेवढंच. फेविक्विकने भोवती पांढरी बुरशी धरल्यासारखं होतं. आणि तुकडा रंगाला जुळत नाही म्हणून घासायला जाऊ नका.