तान्ह्या मुलांचा यकृतविकार आणि पितळेची भांडी

शर्वरी: पूर्वी आपल्याकडे एक ते तीन वर्षांची मुले पोट फुगून, यकृत कठीण होऊन दगावत. या ‘इंडियन चाइल्डहुड सिरोसिस’चे कारण कसे सापडले आणि त्यावर उपचार निघाला का?

देवदत्त: १९८०च्या दशकात पुण्यात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह हा धागा पकडला. रुग्ण मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड साठलेले आढळे आणि यांपैकी अनेकांना वरचे दूध फार लवकर सुरू झालेले असे. कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात दूध तापवून तसेच ठेवले की त्यातील केसीन हे प्रथिन पितळेतले तांबे धरून ठेवते आणि ते थेट बाळाच्या पोटात जाते. घरातल्या पातेल्यापर्यंत पोहोचलेले हे संशोधन मला फार मोलाचे वाटते.

मुग्धा: उपचार म्हणून पेनिसिलामाइन दिले गेले, ते तांबे लघवीवाटे बाहेर काढते, मात्र कावीळ दिसण्यापूर्वी सुरू केले तरच त्याचा खरा उपयोग होई. पुढे घरोघरी स्टीलची भांडी आली आणि आजार दुर्मीळ झाला.

देवदत्त: एक भर घालतो. ऑस्ट्रियातील पश्चिम टिरोलमध्येही १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच आजाराने दगावली. तिथेही दूध तांब्याच्या भांड्यांतच उकळत. तरीही असे दूध पिणारे प्रत्येक मूल आजारी पडत नसे, त्यामुळे आनुवंशिक प्रवृत्तीचाही वाटा असावा, असे संशोधक मानतात.

शर्वरी: आभारी आहे. म्हणजे तांब्यापितळेची भांडी पुन्हा वापरात येत असताना बाळाचे दूध त्यांत तापवू नये, हे नव्या आईवडिलांना आवर्जून सांगायला हवे.