मदत हवी आहे: एक 'स्टॉप' म्हणजे नक्की किती?

गंगावेशीजवळच्या तालमीत सरावाचे फोटो काढतोय. 18-55 मिमी किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती). 55 ला अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ 5.6, शटर 1/125 सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 1600 ठेवलं की उजेड बरोबर येतो, पण डाव टाकताना हातपाय हललेले दिसतात. एका जाणकारांनी सांगितलं, "शटर दोन स्टॉप वाढव, अ‍ॅपर्चर दोन स्टॉप उघड." डायलचे दोन-दोन खटके फिरवायला गेलो, तर शटर 1/200 वरच थांबलं आणि अ‍ॅपर्चर हललंच नाही. शिवाय 'स्टॉप डाऊन' म्हणजे आकडा वाढवायचा म्हणे. हे मोजायचं कसं?

प्रतिसाद 1
भावा, घोळ खटक्यांत आहे. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. बहुतेक कॅमेऱ्यांत एक खटका म्हणजे स्टॉपचा तिसरा हिस्सा, म्हणजे दोन स्टॉपला सहा खटके. 1/125, 1/250, 1/500. आता उजेड चौथाई उरला. तो भरून काढायला एफ 5.6 वरून 4 आणि मग 2.8 पाहिजे, पण तुझी लेन्स 55 ला 5.6 च्या पुढं उघडतच नाही. तेव्हा एकतर आयएसओ 6400 कर, नाहीतर 50 मिमी एफ 1.8 लेन्स लावून 2.8 वर ठेव. मग आयएसओ 1600 च राहील.

एफचा आकडा उलटा वाटतो, कारण तो भागाकार आहे: फोकल लेंग्थ भागिले भोकाचा व्यास. 50 मिमीला एफ 2 म्हणजे 25 मिमी, एफ 4 म्हणजे साडेबारा. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई, म्हणजे दोन स्टॉप. म्हणून एका स्टॉपला आकडा साधारण 1.4 पट होतो.

प्रतिसाद 2
शब्दाचं मूळ 'अडवणे' यात आहे. 1858 मध्ये जॉन वॉटरहाऊस यांनी लेन्सच्या खाचेत सरकवायच्या, वेगवेगळ्या भोकांच्या धातूच्या पट्ट्या सुचवल्या. लहान भोकाची पट्टी घातली की कडेचा उजेड अडतो. तेच स्टॉप डाऊन. डार्करूममधला 'स्टॉप बाथ' मात्र या मोजणीत आणू नका. ते सौम्य आम्लाचं पाणी, अल्कधर्मी डेव्हलपरचं (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाचं) काम तिथल्या तिथं थांबवणारं.

प्रतिसाद 3
2.8 ला एक अडचण येईल. क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरवर चार मीटरवरून जेमतेम पाऊण मीटर खोली फोकसमध्ये राहते. दोन पैलवान एकामागे एक आले की मागचा धूसर होणार, म्हणून बाजूनं उभा राहा. आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. 1/500 ला लागोपाठचे फोटो कमीजास्त उजळ आले, तर सेटिंग चुकलं समजून स्टॉप बदलत बसू नकोस. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (लुकलुकीचा परिणाम टाळायची सोय) असेल तर ते चालू कर.