अनुभव धागा : नील पीर्ट यांच्या जाण्याचे दुःख

7 जानेवारी 2020 रोजी कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे 'रश' या कॅनडाच्या तिघांच्या रॉक बँडचे ड्रमवादक आणि गीतकार नील पीर्ट यांचे निधन झाले. ते 67 वर्षांचे होते. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाशी त्यांची साडेतीन वर्षे झुंज चालू होती आणि जवळची मोजकी माणसे सोडली, तर त्याची कुणालाही कल्पना नव्हती. निधनाची बातमीसुद्धा तीन दिवसांनी, 10 जानेवारीला जाहीर झाली. त्यांचे दोन सहकारी, गेडी ली आणि अॅलेक्स लाइफसन, 2026 मध्ये अनिका निलेस या जर्मन ड्रमवादक स्त्रीला सोबत घेऊन पुन्हा दौरा करणार असल्याचे ऑक्टोबर 2025 मध्ये कळले, तेव्हापासून आपल्यापैकी अनेकांचे ते दुःख पुन्हा वर आलेले दिसते. ज्या माणसाने चाहत्यांपासून आयुष्यभर कटाक्षाने अंतर राखले, त्याच्यासाठी आपण एवढे का हळहळलो, याचे प्रत्येकाचे उत्तर वेगळे असणार. ते सविस्तर लिहावे यासाठी हा धागा आहे. नुसतेच 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून पुढे जाऊ नये, एवढी विनंती.

पुणे, तबलावादक

माझी रशशी ओळख झाली ती वसतिगृहातील एका मित्राच्या कॅसेटमुळे. इंग्रजी गाण्यांचा ताल म्हणजे चार मात्रांची सरळ चाल, त्यात मोजण्यासारखे काही नसते, असा आमच्याकडे पक्का समज होता. 1981 सालच्या 'मूव्हिंग पिक्चर्स' या अल्बममधील 'वाय वाय झेड' या शब्दांविना वाजणाऱ्या रचनेने तो पहिल्या काही आवर्तनांतच निकालात काढला. वाय वाय झेड हे टोरांटोच्या पिअर्सन विमानतळाचे सांकेतिक नाव. तेच मोर्स लिपीत मांडून रचना सुरू होते आणि पीर्ट ते क्रोटाल नावाच्या लहानशा झांजांवर वाजवतात. ज्यांना तालाची आवड आहे त्यांनी हे टाळी देऊन मोजून पाहावे: वाय या अक्षराला लांब, आखूड, लांब, लांब आणि झेडला लांब, लांब, आखूड, आखूड. लांब खुणेला एक मात्रा आणि आखूड खुणेला अर्धी धरली, तर साडेतीन, पुन्हा साडेतीन आणि मग तीन, अशा बरोबर दहा मात्रा भरतात. झपतालाची दोन-तीन-दोन-तीन ही विभागणी आमच्या अंगवळणी पडलेली असल्यामुळे दहा मात्रांचे मला अप्रूप नव्हते. पण साडेतीनवर खंड पाडून इतक्या निर्धास्तपणे समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येणे आपण सहसा तिहाईमध्ये (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याच्या प्रकारात) ऐकतो, सलग चालणाऱ्या ठेक्यात नाही.

बातमी कळल्यानंतरच्या शिकवणीत विद्यार्थ्यांपैकी कुणालाही हे नाव माहीत नव्हते. मी नगमा, म्हणजे तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून, थांबवायला सांगितला आणि सर्वांना या दहा मात्रा टाळीने धरायला लावल्या. अर्धा वर्ग लगेच घसरला आणि उरलेल्या अर्ध्याला त्या घसरलेल्यांचे हसू आवरेना. घरी आल्यावर पत्नीने विचारले की चेहरा असा का उतरला आहे, तेव्हा मला नीट सांगता आले नाही, कारण ज्यांच्यासाठी आपण सुतक पाळतो त्या यादीत हे नाव कुठे बसवायचे, हेच मला उमगत नव्हते.

मिसिसागा, कॅनडा

वर उल्लेख आलेला विमानतळ आमच्या गावाच्या हद्दीत आहे आणि भारतातून येणाऱ्या नातेवाइकांना आणायला जाताना सामानावरच्या चिठ्ठीवर ती तीन अक्षरे दिसली की माझी बोटे आपोआप गाडीच्या चाकावर वाजू लागतात. बातमीनंतरच्या शनिवार-रविवारी मी सेंट कॅथरिन्स शहरातील पोर्ट डलहाउसीला गेलो. पीर्ट यांचा जन्म हॅमिल्टनचा असला, तरी ते वाढले इथे, ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी, आणि इथल्याच लेकसाइड पार्कमध्ये जत्रेसारख्या खेळांच्या दुकानावर त्यांनी पोरवयात काम केले होते. त्या बागेवर त्यांनी पुढे गाणेही लिहिले. तिथे लाकडी घोड्यांचे एक जुने कॅरोसेल आहे, ज्याच्या फेरीला आजही पाच सेंटच पडतात. मी गेलो तेव्हा हिवाळ्यामुळे ते बंद होते आणि सरोवराकडून असा काही वारा येत होता की उभे राहणे कठीण झाले. माझ्यासारखी आणखी काही माणसे निरुद्देश हिंडत होती. कुणी कुणाशी बोलले नाही, मात्र एकमेकांकडे पाहून मान हलवली. त्याच वर्षी नगरपालिकेने बागेतील मंडपाला पीर्ट यांचे नाव दिले, हे मला फार योग्य वाटले. पुतळ्यापेक्षा सावली देणारे छप्पर त्यांना अधिक शोभते, असे माझे मत आहे.

नाशिक

मी संगीतातला जाणकार नाही. माझी पत्नी गेल्यानंतर मुलाने मला पीर्ट यांचे 'घोस्ट रायडर' हे पुस्तक आणून दिले. ऑगस्ट 1997 मध्ये त्यांची तेव्हाची एकुलती एक, 19 वर्षांची मुलगी सेलेना मोटार अपघातात गेली आणि त्यानंतर वर्षही पुरे होण्याआधी पत्नी जॅकलिन कर्करोगाने गेली. मुलीच्या अंत्यविधीच्या वेळीच त्यांनी सहकाऱ्यांना सांगून टाकले होते की मला निवृत्त समजा. नंतर त्यांनी मोटारसायकल काढली आणि क्वेबेकहून अलास्का, तिथून खाली मेक्सिको आणि बेलीझपर्यंत, असे सुमारे 88,000 किलोमीटर ते फिरले. पुस्तकात शहाणपणाचे डोस नाहीत, म्हणूनच मी ते वाचू शकलो. आज कुठे पोहोचलो, काय खाल्ले, कोणता पक्षी दिसला, रात्री किती प्यालो, असे ते लिहीत जातात, आणि मध्येच एखाद्या ओळीत सगळे कोसळते. सांत्वनाला येणारी मंडळी 'काळ हे औषध आहे' असे म्हणून चहा घेऊन जात असत, त्या दिवसांत हे वाचणे म्हणजे कुणीतरी न बोलता शेजारी बसण्यासारखे होते. 2002 मध्ये ते पुन्हा रंगमंचावर ड्रम्स वाजवू लागले, ही गोष्ट मला पुस्तकानंतर कळली आणि त्यानंतर मी त्यांचे वादन ऐकायला लागलो, म्हणजे बाकी सगळ्यांच्या उलट्या दिशेने आलो. त्यांचा आजार गुप्त राहिला याचे अनेकांना वाईट वाटते, मला नाही. ज्याने एकदा सगळ्या जगासमोर दुःख भोगले, त्याला दुसऱ्यांदा ते दार लावून भोगण्याचा अधिकार होता.

मुंबई

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. 'लाइमलाइट' या गाण्यात पीर्ट यांनी स्वच्छ लिहून ठेवले आहे की अनोळखी माणसाला आपण फार दिवस वाट पाहिलेला मित्र मानण्याचे सोंग आपल्याला जमणार नाही. कार्यक्रमाआधी चाहत्यांना भेटण्याचे काम ली आणि लाइफसन करत असत, पीर्ट नाही. असे असताना 'आमचा नील गेला' असे एकेरीत लिहिणे मला खटकते. मी त्या दिवशी रडलो नाही. गाणी ऐकली, नेहमीसारखी.

डोंबिवली

मुंबईकरांचे म्हणणे मान्य करूनही लिहिते. सगळे त्यांच्या हातांविषयी बोलतात, मला त्यांच्या शब्दांविषयी बोलायचे आहे, कारण 1974 मध्ये ते रशमध्ये आले आणि बँडची गीते लिहिण्याचे काम बहुतांशी त्यांच्याकडेच आले, हे बाहेरच्या अनेकांना ठाऊक नसते. 1982 सालच्या 'सिग्नल्स'मधील 'सबडिव्हिजन्स' हे गाणे उत्तर अमेरिकेतील शहरांच्या कडेला उभ्या राहिलेल्या एकसारख्या घरांच्या वसाहतींवर आहे, आणि चारचौघांसारखे न वागणाऱ्या मुलांना तिथे कसे बाजूला टाकले जाते यावर. गाणे सुरू होते सात मात्रांत. मी ते पहिल्यांदा ऐकले ते लोकलमध्ये, हेडफोनवर, सकाळच्या गर्दीत बायकांच्या डब्याच्या दाराशी उभी असताना. बाहेर एकसारख्या इमारती मागे पडत होत्या. महाविद्यालयात असे संगीत ऐकणारी मी एकटीच मुलगी होते आणि 'तुला यातले काय कळते' हे वाक्य मला इतक्यांदा ऐकवले गेले होते की मी उत्तर देणेही सोडले होते. कॅनडातल्या कुणा पुरुषाने हे आधीच लिहून ठेवले आहे, याचा मला मोठा आधार वाटला. त्यांना माझी मैत्री नको होती, हे खरेच आहे. पण लिहिलेले शब्द ज्याच्या हाती पडतात त्याचे होतात, आणि ते लिहिणारा हात थांबला तर वाईट वाटण्यासाठी ओळख असावी लागत नाही.

मडगाव, गोवा

फेस्त म्हणजे चर्चचा उत्सव, लग्नाचे रिसेप्शन, हॉटेलातला कार्यक्रम, असे मिळेल तिथे ड्रम्स वाजवून मी घर चालवले. आमच्या धंद्यात चाळिशी उलटली की हात जसा बसला तसा बसला, असे धरून चालतात. पीर्ट यांनी चाळिशी उलटल्यावर, जगभर नाव झालेले असताना, 1994 च्या सुमारास फ्रेडी ग्रूबर या वयोवृद्ध शिक्षकाकडे शिकवणी धरली. स्टीव्ह स्मिथ या ड्रमवादकाच्या हातात पडलेला फरक त्यांना ऐकू आला, तो कुठून आला अशी त्यांनी चौकशी केली आणि ते तडक ग्रूबरकडे गेले. ग्रूबरचा भर दोन आघातांमध्ये काडी हवेत कशी फिरते यावर होता. पीर्ट यांनी डाव्या हाताची पकडच बदलली, तळवा वर करून काडी धरायची जुनी जॅझची पद्धत घेतली आणि 1996 चा 'टेस्ट फॉर एको' हा अल्बम त्या नव्या पकडीने वाजवला. ज्याने हे करून पाहिले नाही त्याला यातली जोखीम कळणार नाही. मी करून पाहिले. अंगठ्याच्या मुळाशी कातडे सोलवटते, डावा हात लहान मुलासारखा वागतो आणि ज्या गाण्याला आपण झोपेतही चुकत नाही तिथे काडी निसटून समोर नाचणाऱ्यांच्या पायांत जाऊन पडते. एका रिसेप्शनला खुद्द नवऱ्या मुलाने ती उचलून आणून दिली. निधनाचे कळले त्या आठवड्यातल्या कार्यक्रमात मी रशचे काही वाजवले नाही, लोकांना नाचायचे असते. एक वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचा नाच, तेवढा त्या पकडीने वाजवला.

सॅन होजे, अमेरिका

1 ऑगस्ट 2015 रोजी इंगलवूडच्या 'द फोरम'मध्ये मी हजर होतो. तो रशच्या त्या वर्षीच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम होता आणि पुढे पीर्ट यांचाही शेवटचाच ठरला. त्या दौऱ्यात गाणी नव्याकडून जुन्याकडे जात होती, उत्तरार्धात पीर्ट सत्तरच्या दशकातल्या आपल्या ड्रम्सच्या धर्तीवर बनवलेल्या संचावर बसले आणि रंगमंचावरची सजावट कमी होत होत शेवटी खुर्च्यांवर ठेवलेले अॅम्प्लिफायर तेवढे उरले, म्हणजे शाळेच्या सभागृहात वाजवणारी पोरे. पायाच्या संसर्गामुळे त्या दौऱ्यात त्यांना चालणेही जड जात होते, हे आम्हाला नंतर समजले. ऐकताना कुठेही जाणवले नाही. कार्यक्रम संपला की पीर्ट ड्रम्सच्या मागूनच निघून जात, ही त्यांची सवय सर्वांना माहीत होती. त्या रात्री ते पुढे आले, प्रेक्षकांचे छायाचित्र घेतले आणि दोघा सहकाऱ्यांच्या खांद्यांवर हात टाकून वाकून नमस्कार केला. माझ्या शेजारचा अनोळखी गृहस्थ, चांगला धिप्पाड, ओक्साबोक्शी रडू लागला. मुंबईकरांनी मांडलेल्या मुद्द्यावर माझे एवढेच म्हणणे आहे की अंतर त्यांनी राखले होते आणि ते ओलांडायचे ठरवले तेव्हा तेही त्यांनीच, एकदाच ओलांडले. 2020 मधली बातमी वाचताना मला धक्का बसला तो आजाराचा. निरोप मात्र घेऊन झाला होता.

नागपूर

थोडक्यात लिहितो. 23 नोव्हेंबर 2002 च्या रिओ द जानेरोतील माराकाना मैदानावरच्या कार्यक्रमाची डीव्हीडी आहे. त्यात 'वाय वाय झेड' सुरू होताच ब्राझीलमधली सबंध गर्दी उड्या मारत ती धून गाऊ लागते, त्या रचनेत शब्दच नसताना. पुण्याच्या तबलावादकांनी ती त्यांच्या वर्गाला अवश्य दाखवावी. त्या गर्दीतले कुणी घसरत नाही.

टोरांटो, कॅनडा

2026 च्या दौऱ्यात टोरांटोचेही नाव आहे, तेव्हा जावे की नाही यावर आमच्या घरी वाद झाला. थोरल्या भावाचे म्हणणे, त्या जागी दुसरे कुणी पाहवणार नाही. पीर्ट यांच्या नंतरच्या पत्नी कॅरी आणि त्या दोघांची मुलगी ऑलिव्हिया यांनी या दौऱ्याला पाठिंबा दिला आहे, असे मी त्याला सांगितले, तर तो म्हणाला, घरच्यांचे मन मोठे असते, माझे नाही. मी जाणार आहे. निलेस यांचे वादन मी आधीपासून ऐकतो. विषम मात्रांतही त्यांचा हात सैल आणि गोल राहतो, पीर्ट यांची धार त्यात नाही, आणि रशच्या 'टॉम सॉयर' या गाण्याच्या मधल्या सात मात्रांच्या भागात ड्रम्सवरचे ते ठरलेले उतरते तुकडे, जे प्रेक्षागृहातली हजारो माणसे हवेत हात मारून सोबत वाजवतात, निलेस नोटेबरहुकूम वाजवतात की स्वतःचे काही घालतात, याची मला उत्सुकता आहे. भावासाठी शेजारची खुर्ची मागून ठेवली आहे. अजून तो नाही म्हणतो.